गोळ्या थांबवाल का, असं विचारलं तेव्हा...

त्या सोमवारी रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये आम्ही सातआठ जण नेहमीसारखे महिन्याच्या गोळ्या घ्यायला बसलो होतो. एचआयव्हीच्या गोळ्या. मोफत मिळायला लागून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील...

मुंबईहून एक डॉक्टर बाई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, हा आजार मुळापासून बरा व्हावा म्हणून जगात संशोधन चालू आहे. पण नवा उपाय लागू पडला का हे कळायला रोजच्या गोळ्या थांबवून बघावं लागतं, विषाणू परत डोकं वर काढतो का ते. इथे तसं काही चालू नव्हतं, त्यांना फक्त आमचं मत हवं होतं. उद्या कोणी विचारलं तर तयार व्हाल का?

एकही गोळी चुकवायची नाही, हेच आम्हाला दर महिन्याला बजावलेलं. माझ्या शेजारची हमीदाबी बोलली, "म्हणजे मॅडम, आम्ही बंद केल्या तर ओरडा, आणि तुम्ही बंद केल्या तर संशोधन?" मॅडमसुद्धा हसल्या.

हमीदाबी नाटे गावची. नवरा आखाती बोटीवर कामाला होता, याच आजाराने गेला. आमची ओळख त्या दवाखान्यातल्या बाकावरची... (नाव बदललंय. लिहायला तिनेच सांगितलं, वर "वय कमी लिव" असंही.)

माझी पाळी आली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांतून. त्यामुळे बाई काय म्हणतायत ते मला नीट कळलं होतं. पण मला आमचे हे आठवले.

ह्यांच्या वेळी गोळ्या मुंबईहून विकत आणाव्या लागत. चार महिन्यांत अंग भरलं, चेहऱ्यावर तेज आलं. शिमग्याला ह्यांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवली आणि म्हणाले, बरा झालो की, आता कशाला गोळ्या...

पुढच्या शिमग्याला पालखी आली तेव्हा दारात मी एकटी होते.

एवढं सांगून मी खाली बसले. तर शेजारून हमीदाबी म्हणाली, "मी तयार आहे." मॅडमनी तिला समजावलं, यात तुमचा स्वतःचा फायदा होईलच असं नाही, आजार उसळू शकतो, सारखं रक्त तपासावं लागेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढच्या महिन्यापासून थांबवल्या तर चालेल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढच्या महिन्यात तिच्या मुलीचं लग्न होतं.

बाहेर आल्यावर मी तिला चहाच्या टपरीवर बसवलं. "वहिनी, मला काय गोळ्यांचा कंटाळा नाय गो," ती म्हणाली. "पण ठेवू कुठे? घर पाहुण्यांनी भरणार. कोण कपाट उघडतंय, कोण उशीखाली हात घालतंय... कळलं तर पोरीचं लग्न मोडेल."

घरात कोणालाच माहीत नव्हतं, नवरा कशाने गेला तेही नाही. आदल्या ईदला दीर-जावा दुबईहून आले, तेव्हा तिने पाहुणे जाईपर्यंत गोळ्या घेतल्याच नव्हत्या. आता डॉक्टरांनीच थांबवल्या असत्या तर निदान मनाला टोचणी लागली नसती...

मी ब्लाउज शिवते. म्हटलं, लग्नाचे कपडे शिवायला मला घरी बोलाव.

मी नाट्याला तिच्या घरी जाऊन राहिले. त्यांच्या माजघरात मशीन मांडलं, शेजारी माझा बटणांचा पत्र्याचा डबा. वर बटणं, खाली कापडात गुंडाळलेल्या आम्हा दोघींच्या गोळ्या. शिंपिणीच्या डब्यात कोण हात घालतंय?

सकाळ-संध्याकाळ हमीदाबी यायची. "वहिनी, बटण तुटलंय माझं." मी डबा पुढे करायची.

एक दिवस तिची सासू ओट्यावरून ओरडली, "काय गो हमीदा, तुझीच बरी रोज बटणं तुटतात! खातेस की काय?"

सगळ्या बायका हसल्या. आम्ही दोघीही हसलो... आणि मी डब्याचं झाकण घट्ट दाबून लावलं.

निकाह झाला. मुलगी निघायच्या वेळी आत रडारड चाललेली, त्यातून हमीदाबी उठून माझ्यापाशी आली. संध्याकाळची गोळी गिळली, पदराने तोंड पुसलं, आणि मग लेकीच्या गळ्यात पडली.

पुढे कधीतरी तिने मुलीला सगळं सांगितलं. आता रोज संध्याकाळी फोन येतो, "अम्मी, घेतलीस?"

संशोधनाला माझा विरोध नाही. गोळ्या थांबवून आपलं अंग पणाला लावणारं कोणीतरी कुठेतरी असेल, म्हणून उद्या एखादीचा माणूस वाचेल. त्यांना माझा मनापासून नमस्कार. फक्त कोणी पटकन हो म्हटलं, तर ते का म्हणतंय, एवढं विचारा...

तो डबा अजून माझ्या मशीनवर आहे. माझ्या गोळ्या आता उघड्यावर, खिडकीत असतात. डब्यात नुसती बटणं आहेत.