शेंगाकाकूंची तिसरी लागवड

शेंगाकाकूंचं खरं नाव रोपवाटिकेच्या हजेरीपटावर होतं, तेवढंच. खाडीकाठच्या आमच्या वस्तीत त्यांना लहानथोर सगळे शेंगाकाकूच म्हणत. खारफुटीच्या झाडाला हिरव्या काठीसारख्या लांब शेंगा लटकतात. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्या गोळा करायच्या, पिशव्यांत रोवायच्या आणि पालवी फुटली की उघड्या जागी नेऊन लावायच्या, हे काकूंचं अकरा वर्षांचं काम. आमच्या आणि त्यांच्या घराला मधली भिंत एकच, तीही एका विटेची. त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला जवळजवळ पाठ होतं.

भांडणाचा विषय ठरलेला. काका करवतवाले. ज्या जंगलासाठी काकू शेंगा गोळा करत फिरायच्या, त्यातला निम्मा भाग काकांच्याच टोळीने तोडला होता, कोळंबीच्या तळ्यांसाठी. तळी सात वर्षं चालली. मग कोळंबीला रोग आला, मालकाने गाशा गुंडाळला आणि मागे उघडाबोडका चिखल राहिला. तोवर काकांची पाठही कामातून गेली होती.

"अर्धं जंगल तुम्ही भादरलंत," काकू चहा ओतता ओतता म्हणायच्या, "आणि मी आता एकेक केस लावत बसलेय."

"मग न्हाव्याची बायको म्हणून मिरव की," काका पडल्या पडल्या म्हणायचे. दोघंही हसायची, पण काका जरा कमी.

त्या उघड्या चिखलात पहिल्या वर्षी चार हजार रोपं लावली. दोरी धरून, सरळ ओळीत. फोटो झकास आला. तीन महिन्यांत सगळी करपली. दुसऱ्या वर्षी पुन्हा चार हजार, पुन्हा तीच गत. मग वन कार्यालयातून कागद आला: रोपांची निगा राखली गेली नाही, खुलासा द्यावा. रोपवाटिकेत सगळ्यांत जुन्या काकू, म्हणून खापर त्यांच्याच माथी फुटलं.

खुलासा घ्यायला नव्या वनाधिकारी मॅडम आल्या. काकूंनी कागदाला हात लावला नाही.

"मॅडम, मला लिहून सांगता येणार नाही. बूट काढा आणि चला."

भर दुपारी दोघी उघड्या चिखलावर उतरल्या. मॅडमनी चार पावलं टाकली आणि पाचव्याला उडीच मारली. चिखल वरून वाळून तडकला होता, त्यावर मिठाचा पांढरा थर होता आणि पाय भाजत होते. त्यांनी पिशवीतून तापमापी काढून चिखलात खुपसली. त्रेचाळीस. दोनशे पावलांवर उभ्या जंगलात शिरून पुन्हा खुपसली. अठ्ठावीस. तिथे हवा दमट होती, मुळांमध्ये खेकडे फिरत होते.

"एवढा फरक?" मॅडम म्हणाल्या. "ऊन तर तेच आहे."

"ऊन तेच, पण डोक्यावर कुणी आहे का ते बघा. तापल्या तव्यावर रोप ठेवायचं आणि वर मलाच विचारायचं, निगा राखली का?"

"मग लावायचं तरी कुठे?"

हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. त्या घरी आल्या आणि पायही न धुता उंबऱ्यावर बसून राहिल्या. काकांनी विचारलं तेव्हा त्रेचाळीस आणि अठ्ठावीस एवढंच सांगितलं.

काका कुशीवर वळले. मग म्हणाले, "आम्हाला कळलं होतं ते."

"काय कळलं होतं?"

"तोडायला लागलो तेव्हा जेवायला सावली हातभरावर होती. मग रोज लांब जावं लागायचं. आणि एक सांगू? कडेची जी झाडं आम्ही तोडलीच नाहीत, तीही सहा महिन्यांत वाळली. ऊन-वारा बाजूने आत घुसतो. आतल्या झाडांना त्याची सवय नसते."

"हे इतकी वर्षं पोटात ठेवलंत?"

"तू विचारलंस कधी? तू फक्त बोलायचीस."

काकूंना राग आला आणि तो गिळावाही लागला, कारण काकांचं म्हणणं खरं होतं. मग काकांनीच उपाय सांगितला. मधोमध काही लावू नका. उभ्या जंगलाच्या कडेला, सावली पडते तेवढ्याच पट्ट्यात लावा. ती झाडं वाढून पुढे सावली टाकतील, मग त्या सावलीत पुढची. आणि त्याआधी तळ्यांचे बांध फोडा. बांध आहेत तोवर भरतीचं पाणी आत येणार नाही, चिखल थंड होणार नाही की मीठ धुतलं जाणार नाही.

बांधांतून पाणी आत सोडायच्या मोऱ्या कुठे गाडल्या गेल्यात हे एकट्या काकांना माहीत होतं. काकूंनी मॅडमना सगळं सांगितलं आणि आठवडाभराने काकांना खुर्चीसकट होडीत बसवून नेलं. मीही मदतीला गेलो होतो. काठावरच्या मजुरांपैकी एक जण हळूच म्हणाला, "हाच तो करवतवाला." काकांना ऐकू आलं. त्यांनी मान वर केली नाही. काठीने एक एक जागा दाखवली, "इथे खणा. आता इथे." पाचव्या मोरीतून पाणी आत धावलं तेव्हा त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि पाठ दुखतेय, घरी चला म्हणाले.

तिसरी लागवड फक्त सहाशे रोपांची झाली. एवढी थोडी रोपं फोटोत दिसत नाहीत, अशी कार्यालयाची कुरकुर होती. मॅडमनी ती ऐकून घेतली आणि सोडून दिली. वर्षाने मोजलं तेव्हा चारशे दहा जिवंत होती. खुलाशाचा कागद मॅडमनी स्वतःच रद्द केला.

याला आता पाच वर्षं झाली. कडेचा पट्टा चाळीस फूट रुंद झालाय. तिथल्या चिखलात भर दुपारी तापमापी बत्तीसच्या वर जात नाही. त्यापुढचा मोठा तुकडा मात्र तसाच पांढरा पडून आहे आणि या चालीने तो भरायला काकूंचं आयुष्य पुरणार नाही, हे त्याही जाणतात. मॅडमची बदली झाली. काकूंचे गुडघे बोलू लागलेत, म्हणून हाताखाली दोन बायका दिल्यात. त्यांना शेंग पिकलेली कशी ओळखायची हे काकू शिकवतात, आणि कुठे लावायची हे विचारायला काकांकडे पाठवतात.