बिनआवाजी रायफलचा आवाज

लग्नाआधी मी पुण्यात रशियन शिकले होते. नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे कुवेतला आले, तेव्हा सालमियातल्या फ्लॅटमध्ये ते रशियन बोलायचं कुणाशी, हा प्रश्नच होता. मग एका भाषांतर कार्यालयात अर्धवेळ काम मिळालं. मालक लखनौचा. मला तो बहुतेक यंत्रांची मॅन्युअलं द्यायचा.

एकदा त्यानं वेगळंच बाड पुढ्यात टाकलं. इराकशी युद्ध होऊन गेलं होतं, कुवेत शस्त्रं खरेदी करत होतं आणि एका व्यापाऱ्याला सैन्यासमोर रशियन रायफली मांडायच्या होत्या. मजकूर इंग्रजीत हवा होता.

"मॅडम, समझने की ज़रूरत नहीं. बस लिख दीजिए."

न समजता लिहिणं मला कधी जमलं नाही. घरी नवरा म्हणाला, "बंदुकांचं काम कशाला घेतलंस? परत देऊन टाक."

"नाही देणार. आणि तू इंजिनिअर आहेस ना, मग मला आधी हे समजाव."

कुरकुरत का होईना, त्यानं समजावलं. गोळी आवाजापेक्षा वेगानं गेली की हवेत चाबकासारखा फटका वाजतो. नळीला कितीही चांगला सायलेन्सर लावा, तो फटका राहतोच. म्हणून गोळीचाच वेग कमी करायचा. पण मंद गोळीत जोर नसतो, म्हणून ती जड करायची.

हे डोक्यात बसल्यावर पानं भराभर उलगडली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैनिकांनी जुन्याच रायफलला रबराच्या चकत्या घातलेलं नळकांडं लावलं आणि काडतुसात दारू कमी भरली. पुढे एके-४७ रायफलसाठी जड गोळीचं मंद काडतूस आलं. ऐंशीच्या दशकात त्यांनी उलटंच केलं: आधी जाड, वजनदार गोळीचं काडतूस घडवलं आणि मग त्याच्यासाठी रायफल, सायलेन्सर नळीभोवतीच बसवलेली.

रशियनमध्ये तिला 'बिनआवाजी' म्हणतात. पण त्याच मजकुरात पुढे स्वच्छ लिहिलं होतं की आवाज दबतो, संपत नाही. मी 'दबलेल्या आवाजाची' असं लिहिलं. मालकानं ते खोडून 'संपूर्ण निःशब्द' केलं.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"बेचना उनको है, आपको नहीं."

"भाषांतर माझं आहे. मी हे लिहिणार नाही."

त्यानं तसंच छापलं. पण बैठकीला दुभाषी म्हणून मलाच न्यावं लागलं, कारण रशियन येणारं दुसरं कुणी त्याच्याकडे नव्हतं.

बैठकीत एक म्हातारे रशियन इंजिनिअर आले होते आणि समोर कुवेती अधिकारी बसले होते. त्यांतल्या वयस्कर अधिकाऱ्यानं पत्रकावर बोट ठेवून विचारलं, "अजिबात आवाज होत नाही?"

मालक माझ्याकडे बघून मान हलवत होता. म्हणजे, हो म्हणा. मी त्याच्याकडे पाठ केली आणि प्रश्न जसाच्या तसा रशियनमध्ये विचारला. म्हातारे हसले. "कोण म्हणतं? शांत खोलीत रायफलच्या आतला बोल्ट मागेपुढे सरकलेला तुम्हाला छान ऐकू येईल." त्यांनी बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा ठोकलं. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

वयस्कर अधिकाऱ्यानं पत्रक बाजूला सारलं. मग तो मलाच म्हणाला, "इराकचा ताबा होता त्या महिन्यांत आम्ही दिवे मालवून घरात बसायचो. गल्लीत काय चाललंय ते सगळं ऐकू यायचं. बूट, गाडीचं दार, सगळं. गोळी झाडणाऱ्याला वाटतं, कुणी ऐकलं नाही. कुणीतरी ऐकतंच."

हेही मी रशियनमध्ये सांगितलं. इंजिनिअरांनी मान खाली घातली.

खरेदीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, आणि मालकाकडून काम यायचं थांबलं. नवरा म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, "झालं."

काही महिन्यांनी मालकाचा फोन आला. एका दवाखान्यात रशियन क्ष-किरण यंत्र आलं होतं आणि मॅन्युअल कुणाला वाचता येत नव्हतं.

"माझा एकही शब्द मला न विचारता बदलायचा नाही," मी म्हटलं.

"देखेंगे, मॅडम."

"आधी ठरवा, मग फोन करा," म्हणून मी रिसीव्हर ठेवला. नंतर सरळ त्या दवाखान्यात गेले आणि ते काम स्वतःच मिळवलं.