अ‍ॅसिटोनच्या ऐवजी

वेलचेरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मामा मूळचे तंजावरचे. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर हेलकावते. त्यांना दगड आणि खडे तपासायचा नाद आहे. रंगवलेला खडा अ‍ॅसिटोनने पुसला की रंग सोडतो. शुद्ध अ‍ॅसिटोन त्यांना कुणी देत नाही, म्हणून ते नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर वापरतात आणि आम्लाऐवजी लिंबू. काही अडलं की म्हणतात, "परवा इल्लै," म्हणजे हरकत नाही. मात्र कुठलीही बदली वस्तू ते आधी कोऱ्या कापसावर ओततात. डाग पडला नाही तरच ती दगडाला लावतात.

आईच्या पाचूच्या अंगठीचं कौतुक करून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. आई गेल्यापासून ती माझ्याच बोटात होती. मामांनी रिमूव्हर ओतून कापूस दाखवला. पांढराशुभ्र. तोच बोळा त्यांनी खड्यावर फिरवला आणि कापूस हिरवा झाला.

मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"रिमूव्हरच खराब, अम्मा. त्याचाच रंग उतरला. खडा परवा इल्लै."

बोळा खिशात घालून त्यांनी अंगठी माझ्या तळहातावर ठेवली. कापूस तर त्यांनीच आधी दाखवला होता. मग हे काय बोलले? अंगठी मी पुन्हा घातली.

रविवारी गच्चीवर ते कुणाचा तरी लाल खडा पुसत होते. बाटली तीच, त्यांनी खराब म्हटलेली. मला पाहताच त्यांनी ती लुंगीसारख्या वेष्टीच्या आड केली. आणि मी, का कोण जाणे, अंगठीचा हात ओढणीखाली घेतला.