बुकिंगवाले नाना

नानांनी कुणालाही सरळ तिकीट दिल्याचं मला आठवत नाही. "इंदूरचं एक द्या," म्हटलं की ते पेन खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कशासाठी चाललात?" नवखं गिऱ्हाईक चिडायचं. आमच्यासारखी जुनी माणसं मुकाट्यानं खुर्ची ओढून बसायची. लग्नाला चाललोय म्हटलं, तर मुलगा काय करतो, घरी किती भावंडं, इथपर्यंत चौकशी होणार आणि मगच सीटचा विषय निघणार, हे आम्हाला पाठ होतं.

नाशकात जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून त्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि दोन फोन. गेल्या वर्षी ते बंद करून नाना मुलाकडे पुण्याला गेले. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. नाना मूळचे सटाण्याकडचे. उभा जन्म नाशकात काढला, तरी जवळच्या माणसाशी बोलताना अहिराणीवर यायचे. माझे वडील मखमलाबादहून मार्केटात भाजी घालून परतताना त्यांच्याकडे चहाला थांबत. त्या चहातून ओळख वाढली आणि माझी आई त्यांची 'ताई' झाली. वडील गेल्यावरही त्यात फरक पडला नाही.

सीट देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळच्या गाडीनं इंदूरला जाणाऱ्याला ते कधी उजवीकडची खिडकी देत नसत. "धुळ्यापर्यंत ऊन खाल नुसतं. डावीकडे बसा. पुढचं पुढे बघू." चाकावरची सीट तर वैऱ्यालाही देऊ नये, असं त्यांचं मत. म्हाताऱ्या माणसासाठी तिकीट काढताना विचारायचे, "गुडघा कोणता दुखतो? डावा की उजवा?" आणि ज्या बाजूला पाय पसरता येईल ती सीट द्यायचे. एवढं करून तिकिटावर नाव मात्र हमखास चुकीचं लिहायचे. मी वर्षा, पण त्यांच्या हातून आयुष्यभर 'वर्शा' म्हणून प्रवास केला.

एकदा आमच्या शेजारच्या काकू नवऱ्याशी कडाकडा भांडून पिशवी घेऊन तडक त्यांच्याकडे गेल्या. सोलापूरचं तिकीट हवं होतं, तेही लगेच. "आज सगळ्या गाड्या फुल आहेत, उद्या या," नाना म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकू गेल्याच नाहीत. गाड्या रिकाम्या होत्या, हे त्यांना नंतर कळलं. आज कुणी माझ्याशी असं वागलं तर मी भांडून तिकीट घेईन. काकू मात्र दर दिवाळीला त्यांना चिवड्याचा डबा द्यायच्या.

मग मोबाइलवर तिकिटं आली. मी शाळेत शिकवते, वेळेची कायम मारामार. नानांकडे तासभर बसण्यापेक्षा रिक्षात बसल्या बसल्या दोन मिनिटांत तिकीट निघायचं, आणि कशासाठी चाललात हे मोबाइल विचारत नसे. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. फक्त त्या गल्लीतून जाताना मी पलीकडच्या फुटपाथनं जाऊ लागले.

दोन वर्षांपूर्वी इंदूरहून फोन आला. आईची धाकटी बहीण, माझी मावशी, तिथे बरेच महिने अंथरुणाला खिळलेली होती. तिची आठवणही पुसत चालली होती. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई एकच म्हणाली, "मला तिला डोळ्यांनी बघायचंय, पोचव." मी तिथल्या तिथे मोबाइलवर दुसऱ्या दिवशी सकाळची बस बुक केली. गाडी मुंबईहून येणार होती आणि बसायचं ठिकाण होतं नाशकातलं द्वारका. शाळेत परीक्षा होती. आईला द्वारका चौकात उड्डाणपुलाखाली सोडलं, गाडीचा नंबर कागदावर लिहून दिला आणि मी निघून गेले.

गाडी पुलावरून आली आणि पुलावरूनच निघून गेली. नाशिकचं कुणीही पहिल्यांदा विचारलं असतं, की गाडी वरून येते का खालून? मी जन्मापासून इथली, आणि मला ते सुचलं नाही. आईनं बसवाल्यांचा नंबर लावला, कुणी उचलला नाही. परीक्षेमुळे माझा फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात. तिला तोंडपाठ असलेला आणखी एकच नंबर होता.

नाना पंधरा मिनिटांत स्कूटरवर आले. शेजारच्या टपरीवर तिला बसवलं, चहा पाजला आणि ओळखीच्या ड्रायव्हरांना एकेक करत फोन लावले. तासाभरानं येणाऱ्या इंदूरच्या गाडीवर मालेगावचा एक ड्रायव्हर होता, त्याला म्हणाले, "मनी बहीण शे. पुलाखाले उभी शे, तिले पुढे बसाड." तो गाडी खालच्या रस्त्यानं घेऊन आला. बाराला मी फोन हातात घेतला तेव्हा आईचे अकरा मिस्ड कॉल होते आणि आई धुळ्याच्या पुढे गेली होती.

आई चार दिवसांनी परतली. त्यानंतर आठवड्याभरात मावशी गेली. मला नानांसमोर जायची लाज वाटत होती, तरी गेले. मनात माफीची दोन वाक्यं जुळवली होती. नानांनी ती ऐकून घेतली नाहीत. ऑनलाइनचा शब्दही काढला नाही. म्हणाले, "बहिणीनं ओळखलं का ताईंना?"

मला माहीत नव्हतं. गाडी किती वाजता पोचली, जेवलीस कुठे, हे सगळं मी आईला विचारलं होतं. हे एवढंच विचारलं नव्हतं. "विचार," नाना म्हणाले. "तू नाही तर कोण विचारणार?"

संध्याकाळी आई ओट्याशी गवार मोडत होती. मी विचारलं. तिचे हात थांबले.

"नाही ओळखलं," ती म्हणाली. "तिला वाटलं, मी आमची आईच आहे. 'आई, कुठे गेली होतीस?' म्हणाली. मी कशाला सांगू कोण ते? म्हटलं, आले ना आता. मांडीवर डोकं ठेवून निजली. तीन दिवस मी तिची आई होऊन राहिले गं. केस विंचरले, भरवलं. मी नसते गेले, तर ती वाट बघतच गेली असती."

मग आई रडली. मावशी गेल्याचा फोन आला तेव्हाही ती रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसून राहिले, गवार तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नानांकडे गेले आणि त्यांना हे सगळं सांगितलं. समोर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. नानांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे ताई वेळेवर पोचल्या," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.