वाघमारे सिस्टरांचा एकच सवाल

२०१३ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. दुष्काळात करमाडची आमची विहीर आटली, म्हणून जालना रोडवर उठणाऱ्या इमारतींवर विटा वाहायला लागलो. त्यातच हर्निया झाला आणि शहरातल्या दवाखान्यात येऊन पडलो.

तिथल्या वाघमारे सिस्टर अंगानं बुटक्या, आवाज मात्र कंडक्टरचा. आता त्या नाहीत. ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाला त्यांचा एकच सवाल, "एसटीत उलटी होते का?" लोक हसायचे. "हसू नका. ज्याला गाडी लागते त्याला भुलीनंतरही उलटीचा धोका जास्त. आधी सांगितलं तर आधीच औषध देता येतं."

मी जन्मभर एसटीत खिडकीशी लिंबू हुंगत बसलेला माणूस. पण गावात कुणाला कळू दिलं नाही. गडीमाणसानं का उलट्या करायच्या? "नाय," म्हणालो. आमच्या मंडळीनं तोंड उघडलं, तसे मी डोळे वटारले.

"मामा, खरं सांगताय ना?"

"तिसरीच शिकलो सिस्टर, पण खोटं बोलायला नाय शिकलो."

त्यांनी कागदावर 'नाही' लिहिलं.

दुपारी भूल उतरली. पडून राहा म्हणून सांगितलेलं, तरी मी हट्टानं उठून बसलो आणि तांब्यानं पाणी ढोसलं. मग जे सुरू झालं! एकेका उबळीला वाटायचं, आता टाके सुटतात. सिस्टर धावत आल्या. मला कुशीवर वळवलं, उशी दुमडून टाक्यांवर दाबून धरली, सलाईनमधून इंजेक्शन सोडलं. "भिऊ नका मामा, टाके मी धरलेत." वॉर्डाच्या नळाला पाणी नव्हतं. डब्यासोबत घरून आणलेली स्वतःची बाटली त्यांनी माझ्या चुळा भरण्यात संपवली.

डॉक्टरांनी टाके तपासले, कागद बघितला आणि सगळ्या वॉर्डासमोर सिस्टरांवरच उखडले. "इथं 'नाही' लिहिलंय! न विचारताच लिहिता का? टाके सुटले असते तर?" सिस्टर मान खाली घालून उभ्या. माझ्याकडं नुसतं बघितलंसुद्धा नाही. मी डोळे मिटून पडून राहिलो. जागा होतो.

संध्याकाळी त्या चमच्यानं पाणी पाजायला आल्या. तेवढ्यात मंडळीनं माझा सदरा झटकला आणि खिशातलं लिंबू घरंगळत पलंगाखाली गेलं. सिस्टरांनी वाकून उचललं, पदराला पुसलं म्हणावं तर पदर नव्हता, पांढऱ्या कोटालाच पुसलं.

"मामा, हे कशाला लागतं?"

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"शरमायचं काय त्यात? उलटी कलेक्टरलाबी होते. दोन चमचे झाले, आता अर्ध्या तासानं." लिंबू उशाशी ठेवून त्या पुढच्या पलंगाकडं गेल्या. "एसटीत उलटी होते का?" तोच आवाज, पण जरा उतरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले. मी ते लिंबू हातात वर धरलं आणि दारापर्यंत ऐकू जाईल असं बोललो, "साहेब, सिस्टरांनी विचारलं होतं. खोटं मी बोललो. मला एसटी लागते."