काचेतला फोन

शिक्रापूरच्या मोबाईलच्या दुकानात एका डबघाईला आलेल्या कंपनीचं काउंटर एक पोरगा सांभाळायचा. मी घरातला पहिला पदवीधर, हे कळल्यापासून तो मला "सायेब" म्हणायचा. पण सायबालाही हात पुसल्याशिवाय काचेतल्या त्या फोनला शिवू द्यायचा नाही. गाणी, पिक्चर, कॅमेरा असलेला तो महागडा फोन म्हणजे कंपनीची शेवटची आशा होती. महिनाअखेर एकही खपला नाही, तर त्याचं काउंटर उठणार होतं.

शेवटच्या आठवड्यात खुटबावचे एक आबा आले.

"ऐका आबा, अख्खा बँड खिशात!" म्हणत त्याने गाणं लावलं. आबा खूश झाले. पैसे काढता काढता त्यांनी विचारलं, "आमच्याकडं दिसभर लाईट नसती. चार्जिंग टिकंल का?"

त्याने गाणं बंद केलं. "गाणी ऐकली तर दुपारपातूर." मग स्वतःच्या खिशातून दुसऱ्या कंपनीचा साधा फोन काढला. "असला घ्या. मी बी ह्योच वापरतो."

आबा हसले. "आरं, हे तुझ्या कंपनीला सांग की!"

"तिकडनं कुणी इचारतच न्हाई, आबा."

काउंटर उठलंच. आजही फोन घ्यायचा झाला, की तो पोरगा सध्या कुठल्या दुकानात आहे, हे मी आधी शोधतो.