गंगेच्या विहिरीवर मागितलेली किल्ली

त्या वर्षी तमिळ कार्तिकै महिन्यात मी विठ्ठलाशी बोलणं टाकलं होतं. दिवा लावत होते, नैवेद्य दाखवत होते, पण तोंडातून त्याचं नाव निघत नव्हतं. आमचं घर कुंभकोणातलं, कित्येक पिढ्यांपासून भजनाचं. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि एकादशीला आमच्या भजनमठात टाळ. अशा घरातल्या बाईने देवाशी अबोला धरावा हे आमच्या ह्यांना सहन होत नव्हतं. मला मात्र त्याच्याकडे पाहिलं की एकच प्रश्न सुचे. तुला दिसत नाही का रे?

माझी थोरली लेक यमुना चोळपुरम्‌ला दिलेली. जावई शंकर शेती पाहत. पावसाने शेतं भरली, पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं, आणि गावात हिवताप शिरला. यमुना नुकतीच बाळंतीण झालेली. एक दिवसाआड तिला हुडहुडी भरे, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजत, मग अंग तव्यासारखं तापे. दूध आटलं. बाळ कोरड्या छातीशी लागून ओरडे आणि ती भिंतीकडे तोंड करून रडे. कुंभकोणात डॉक्टरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "गोळ्या नियमाने आणि पुऱ्या घेतल्या तर बरी होईल. चोळपुरम्‌ला सरकारी पाकिटं गेली आहेत, तिथूनच घ्या."

हे खरं होतं. गोरगरिबांना परवडाव्यात म्हणून सरकार त्या गोळ्यांचा बराचसा खर्च स्वतः सोसत होतं. पाकिटावर नाममात्र दर छापलेला असे, सरकारी शिक्का असे, आणि ती विकायला आसपासच्या गावांत एकेक दुकानदार नेमलेला असे. चोळपुरम्‌चा दुकानदार म्हणजे व्यंकोबाराव. आमच्यातलाच. आमच्या भजनमठात पहिल्या रांगेत उभा राहून गाणारा, गळ्यात तुळशीची माळ, आणि अभंग म्हणताना डोळ्यांना पाण्याची धार. त्याने शंकरला सांगितलं, "संपल्या." शंकर पुन्हा गेले तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "विठ्ठलाची इच्छा, माझ्या हातात काय आहे?"

मग मी कुंभकोणातल्या एका औषधाच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने फळीवरून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि किमतीचा आकडा सांगितला तेव्हा मला आधी ऐकूच आलं नाही. मी पाकीट उलटून पाहिलं. शिक्क्याची जागा नखाने खरवडावी तशी खरवडली होती, पण घाईत काम अर्धंच झालं होतं, छापील दराचा शेवट अजून दिसत होता. "हे कुठून आलं?" मी विचारलं. "चोळपुरम्‌हून येतं," तो सहज म्हणाला. त्याला वाटलं मी मालाची चौकशी करते आहे. परवडल्या तेवढ्या गोळ्या घेतल्या. यमुनाचा ताप उतरला, आम्ही जरा श्वास घेतला, आणि गोळ्या संपताच तो दुप्पट जोराने उलटला.

हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रागावून तुझीच तब्येत बिघडेल. विठ्ठलावर सोपव." त्यांचं मन मोठं, मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी ते शब्द मला चटका लागल्यासारखे लागले. व्यंकोबारावही विठ्ठलाचीच इच्छा सांगत होता. चोरानेही त्याचंच नाव घ्यायचं आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यानेही, मग हा विठ्ठल नेमका कोणाचा? मी पिशवी भरली आणि लेकीकडे निघाले.

चोळपुरम्‌ला पोहोचले ती अमावास्येची सकाळ. यमुना मला ओळखत नव्हती. शंकर तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते. मी तशीच दुकानाकडे गेले तर दाराला कुलूप. शेजारची पोन्नी ओट्यावर बसली होती. ही मजुरीला जाणारी बाई, यमुनाच्या घरची धुणी तीच धुवायची. ती म्हणाली, "मुदलाळी तिरुविसनल्लूरला गेलेत अम्मा, गंगास्नानाला. तिथून बहिणीच्या गावी जाणार. चारपाच दिवस येणार नाहीत." मुदलाळी म्हणजे मालक, शेटजी. चार-पाच दिवस! माझ्या पोरीकडे तेवढे दिवस नव्हते.

कार्तिकै अमावास्येला तिरुविसनल्लूरच्या मठातल्या विहिरीत गंगा येते अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. आधी कावेरीत बुडी मारायची, मग ओलेत्याने रांगेत उभं राहायचं, आणि विहिरीतून शेंदलेलं पाणी डोक्यावर घ्यायचं. लहानपणापासून मी कितीदा तरी तिथे गेले असेन. त्या दिवशी यात्रेकरूंच्या एका बैलगाडीत जागा मागून गेले, पण स्नानाला नाही. वाटेत गाडीतल्या बायका नाम घेत होत्या. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. मनात म्हणत होते, आज तू मध्ये आलास तर तुलाही सोडणार नाही.

रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती. मी रांग तोडून सरळ आत घुसले. "मागे जा, मागे जा," असा ओरडा झाला. सगळी माणसं ओली, मी एकटी कोरडी, धुळीने माखलेली. विहिरीच्या जवळच व्यंकोबाराव उभा होता. नुकतंच पाणी घेतलेलं, केसांतून थेंब गळत होते, डोळे मिटून नामघोष चालला होता.

"व्यंकोबाराव," मी म्हटलं, "दुकानाची किल्ली द्या."

त्याने डोळे उघडले. "वहिनी? अहो, आज काय दिवस आहे! आधी स्नान करा."

"माझी लेक मरायला टेकली आहे. किल्ली द्या."

"गोळ्या नाहीत म्हणून सांगितलं होतं जावईबापूंना."

"आहेत. कुंभकोणात माझ्या हातात होत्या. शिक्का नीट खरवडला नव्हता तुम्ही."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो जवळ आला आणि आमच्या घरच्या मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हे घरचं बोलणं घरी बोलू. हे सगळे परके लोक. आपल्या माणसाची अब्रू चारचौघांत काढायची का?"

ही भाषा मला आईच्या दुधाबरोबर मिळाली. तिच्यात मी अंगाई म्हटली, तिच्यातच देवाला हाक मारली. आणि हा माणूस तिचा आडोसा करून उभा होता, म्हणजे भोवतालच्या कोणालाच काही कळू नये. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी वळले आणि तमिळमध्ये बोलू लागले, जितक्या मोठ्याने बोलता येईल तितक्या मोठ्याने. गोळ्या कोणासाठी आल्या, कुठे गेल्या, कोणाच्या घरी कोण तापाने पडलं आहे, सगळं. आवाज फाटला तरी थांबले नाही. मठातल्या दोघांनी येऊन माझा दंड धरला. "अम्मा, पुण्यक्षेत्र आहे, भांडण बाहेर."

तेव्हा रांगेत जिचा क्रम आला होता ती एक म्हातारी, पाटी म्हणतात इकडे आजीला, पाण्याखाली वाकवलेलं डोकं वर करून उभी राहिली. काळी, हडकुळी, अंगावर जुनं ओलं सुती लुगडं. पाणी ओतणाऱ्याला तिने हाताने थांबवलं. "ती बादली खाली ठेव," ती म्हणाली, आणि विहिरीच्या पुढ्यातच मांडी घालून बसली.

"पाटी, तुमची पाळी जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. ह्याने किल्ली दिल्याशिवाय माझ्या डोक्यावर पाणी नको. असल्या माणसाच्या मागोमाग मी गंगा घेऊ?"

कोणी हसलं नाही. तिच्यामागची बाई खाली बसली. मग तिच्यामागची. ओल्या लुगड्यांचा सपसप आवाज होत रांग खाली बसत गेली, गल्लीपर्यंत. नामघोष थांबला. माझा दंड धरलेले हात केव्हा सुटले कळलं नाही. व्यंकोबारावने इकडेतिकडे पाहिलं, आणि जानव्याला बांधलेली किल्ली सोडायला लागला. गाठ ओली होती, सुटेना. सगळे त्याच्या बोटांकडे पाहत होते.

"तुम्हीही चला," मी म्हटलं. "स्वतःच्या हाताने काढून द्या."

निघताना मी पाटीच्या पाया पडले. माझं डोकं उचलून ती म्हणाली, "जा लवकर. बाळ भुकेलं आहे." बाळाचं मी काही बोलले होते का? त्या आरडाओरड्यात बोललेही असेन. मला आठवत नाही, आणि आठवायचा हट्टही मी कधी केला नाही. पुढे मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

दुकानात गुळाच्या पोत्यांमागे पाकिटांची थप्पी होती. शिक्के शाबूत. मी यमुनासाठी घेतली, मग ओट्यावर उभी राहून गल्लीतल्या माणसांना हाका मारल्या. छापील दरात व्यंकोबारावने एकेक पाकीट दिलं, मान वर न करता. पोन्नीही आली. तिचा नवरा चटईवर तापाने फणफणला होता. तिने पाकीट घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे तेव्हाही आतच होतं का?" तेव्हा म्हणजे केव्हा, हे मला मागून शंकरने सांगितलं. आठवडाही झाला नव्हता, तिची धाकटी मुलगी तापाने गेली होती. तीही ह्याच दारात गोळ्या मागायला आली होती. तिलाही "संपल्या" असंच सांगितलं होतं. तिला ओरडता आलं नाही. ओरडली असती तरी तिच्यासाठी कोणती रांग खाली बसली असती?

यमुना वाचली. हळूहळू तिचं अंग भरलं, बाळही सावरलं. त्या दिवशी त्या पाटीच्या रूपाने कोण उभं राहिलं ते मी जाणते, आणि त्यासाठी जन्मभर त्याच्या पायांशी माझं डोकं आहे. अबोला तिथेच, विहिरीवर सुटला. पण राग गेला नाही. व्यंकोबाराव काही महिन्यांनी पुन्हा भजनात पहिल्या रांगेत उभा राहिला, गोळ्यांची नेमणूकही त्याच्याचकडे राहिली. लोक म्हणाले, सुधारला आहे, आता सोडून द्या. मी विठ्ठलाकडे कितीदा मागितलं, हा राग तेवढा काढून घे. सगळं त्याच्यावर सोपवायला मी तयार होते. त्याने बाकी सगळं घेतलं, एवढं मात्र माझ्याकडेच ठेवलं. त्याला ते माझ्याकडेच हवं असेल. शरण जाणं म्हणजे मऊ होणं असं मी समजत होते. तसं नसावं.

आता पाऊस संपून ताप सुरू झाले की मी चोळपुरम्‌ला जाते. पाकिटं आली की दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसते आणि शेवटच्या घराला मिळेपर्यंत उठत नाही. व्यंकोबाराव एकेक पाकीट मोजून देतो. शेजारी पोन्नी येऊन बसते. मी तोंडाने नाम घेत असते. एकदा तिने विचारलं, "अम्मा, कोणाशी बोलता?" मी सांगितलं, आमचा देव आहे, विठ्ठल नावाचा, विटेवर उभा असतो.

ती म्हणाली, "त्याला माझ्या मुलीचं नाव सांगाल?"

तेव्हापासून रोज सांगते. तिचं नाव वळ्ळी.